नाव नसलेलं जुनं घड्याळ आणि त्याचं मशीन ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं चावीचं घड्याळ हातात येतं, उलटसुलट करून बघितलं तरी कुठे नाव नाही गाव नाही, आणि मग डोक्यात एकच घोळत राहतं की हे नेमकं बनवलं कोणी आणि कधी. याच प्रश्नाची जी जी रूपं परत परत समोर येतात ती इथे एका जागी आणलीत. आधीच सांगून ठेवतो, ओळखायची सुरुवात मशीनपासून करायची, पेटी आणि डायल नंतर. पेटी बदलता येते, डायल नव्याने रंगवता येते, काटे तर कुणाचेही कुणालाही बसतात, पण पितळी प्लेटा कशा कापल्यात, स्प्रिंग कुठे ठेवलीय, चाकं कशी बसवलीत हे बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

नावच नाही तर ओळखणार कसं?

नावाशिवायही पुष्कळ कळतं. आधी देश, मग साधारण काळ, मग कुठल्या पद्धतीचं मशीन आहे ते, आणि कारखान्याचं नाव सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, आधी एखादं मोठं नाव मनात धरतात आणि मग त्याला पुरावे शोधत बसतात, आणि असं शोधायला लागलं की पुरावे मिळतातच, म्हणून ते टाळा.

आणखी एक लक्षात घ्या, त्या काळी मशीन एक जण बनवायचा, पेटी दुसरा, डायल तिसरा, आणि विकायचा चौथाच. कारखाने कोरी मशीनं घाऊक विकायचे, घेणारा आपल्या पेटीत बसवायचा. त्यामुळे नाव नसणं म्हणजे घड्याळ हलक्या प्रतीचं असा अर्थ अजिबात होत नाही, कित्येक उत्तम फ्रेंच मशीनांवर एका नंबरापलीकडे काही नसतं.

नाव खरंच नाहीये हे कशावरून? कुठे कुठे शोधायचं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण बिननावाची म्हणून दाखवली जाणारी बरीच घड्याळं खरं तर बिननावाची नसतातच, शिक्का असतो पण लपलेला. मागच्या प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात बघा, पेंडुलमच्या मागे बघा, घंटा असेल तर तिच्या खाली, गाँग म्हणजे टोला वाजवणारी गुंडाळलेली तार असेल तर तिच्याआड. काही मशीनांवर शिक्का पुढच्या प्लेटवर असतो म्हणजे डायल काढल्याशिवाय दिसणारच नाही. पेटीच्या आत मागच्या फळीवर कागदी लेबल असायचं, त्याचा एखादा तुकडा जरी चिकटून राहिला असेल तरी तो सोनं आहे, ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. टॉर्च समोरून मारू नका, अगदी तिरका धरा, पुसट झालेला ठसा तिरक्या उजेडात वर येतो.

नाव म्हणजे पूर्ण नावच असेल असंही नाही. एकमेकांवर तिरके टाकलेले दोन बाण म्हणजे हॅम्बुर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी, आठ टोकांचा तारा आणि त्यात जे म्हणजे युंगहान्स, नांगर आणि मुकुटासोबत जी बी म्हणजे गुस्ताव बेकर, एफएमएस म्हणजे फ्रिडरिख माउथे, एफएचएस म्हणजे फ्रान्झ हेर्मले, डब्ल्यू अँड एच एससीएच म्हणजे विंटरहाल्डर अँड होफमायर. गाँगच्या लोखंडी ठोकळ्यावर काही लिहिलेलं असेल तर ते गाँगचं नाव, घड्याळाचं नाही. इथे खूप जण फसतात.

डायलवर नाव आहे, मग तोच बनवणारा ना?

असेलही, पण बहुतेक वेळा तो विकणारा असतो. जवाहिरे, चष्मेवाले, मोठी दुकानं स्वतःचं नाव डायलवर घालून घ्यायची. इंग्लिश उभ्या लाँगकेस घड्याळात तर आणखी गंमत आहे, रंगीत डायल आणि मशीन यांच्यामध्ये एक लोखंडी पट्टी असते, फॉल्स प्लेट, तिच्यावर ऑस्बोर्न किंवा विल्सन असं ओतीव नाव सापडतं आणि लोक आनंदाने तो घड्याळजी समजतात, पण ते बर्मिंगहॅमचे डायल बनवणारे. अर्थात काळ ठरवायला ते नाव फार कामाचं, कारण रंगीत डायल १७७० च्या आसपास सुरू झाली आणि त्या डायलवाल्यांची वर्षं बऱ्यापैकी नोंदलेली आहेत.

मशीन बाहेर काढून बघू का?

पेटीतून बाहेर काढायला हरकत नाही, पण प्लेटा उघडायच्या नाहीत. चावी भरलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड जोर असतो, अमेरिकन मशीनमध्ये तर ती उघडीच असते आणि सुटली तर बोटं मोडू शकते. प्लेटांचे नट किंवा पिना काढण्याआधी स्प्रिंग सावकाश उतरवावी लागते, आणि ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. ओळखायला लागणाऱ्या बहुतेक सगळ्या खुणा प्लेटा न उघडता दिसतात.

काढताना आधी पेंडुलम उतरवा, वजनाचं घड्याळ असेल तर वजनं काढा आणि कुठलं डावं कुठलं उजवं ते लिहून ठेवा.

मशीन बघून देश कसा ओळखायचा?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण खरं काम हेच आहे.

अमेरिकन मशीन सगळ्यात पटकन ओळखू येतं. प्लेटा पातळ, पितळेच्या पत्र्यातून दाबून कापलेल्या, मध्ये मोठमोठी भोकं पाडून पितळ वाचवलेलं, स्प्रिंग उघडी आणि तिचं बाहेरचं टोक वळवून सरळ मशीनच्या खांबाला अडकवलेलं. अँकर, म्हणजे पेंडुलमबरोबर हलून शेवटच्या चाकाचे दात अडवणारा आणि सोडणारा भाग, इथे नुसती वाकवलेली स्टीलची पट्टी असते. आणि पिनियन बघा, म्हणजे चाकाला लागून असलेला छोटा दातेरी भाग, तो अखंड धातूतून कापलेला नसतो, दोन छोट्या चकत्यांमध्ये बारीक तारा उभ्या केलेल्या असतात, याला लँटर्न पिनियन म्हणतात. त्याआधी अमेरिकेत लाकडी चाकांची मशीनं चालायची, मग नोबल जेरोमने १८३९ मध्ये पत्र्याच्या पितळी ३० तासांच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याचा भाऊ चॉन्सी जेरोमने ती ढिगाने बनवली आणि १८४२ पासून इंग्लंडला पाठवायला लागला, तिथल्या घड्याळजींची झोप उडाली. पुढे सेथ थॉमस, अँसोनिया, न्यू हेवन, वॉटरबरी, इंग्राहम, गिल्बर्ट, सेशन्स ही सगळी मंडळी याच वाटेने गेली. त्यामुळे या सगळ्यांची मशीनं पहिल्या नजरेत सारखी दिसतात आणि वेगळी काढायची असतील तर प्लेटमधल्या भोकांचा आकार, टोल्याच्या हातोडीची जागा आणि चावीच्या दोन भोकांमधलं अंतर हे माहीत असलेल्या मशीनच्या फोटोशी ताडून बघावं लागतं.

फ्रेंच मशीन एकदा बघितलं की विसरत नाही. एकोणिसाव्या शतकातलं म्हणाल तर गोल प्लेटा, घट्ट आणि आटोपशीर, दोन्ही स्प्रिंगा बंद बॅरलमध्ये म्हणजे गोल पितळी डब्यात, पिनियन अखंड स्टीलची आणि आरशासारखी पॉलिश केलेली. पेटीत बसवण्याची पद्धतही वेगळी, डायलच्या कड्यापासून निघालेल्या दोन लांब पितळी पट्ट्या पेटीतून आरपार मागच्या झाकणाच्या कड्यापर्यंत जातात आणि स्क्रूने आवळतात, म्हणजे पुढचं आणि मागचं मिळून मधली पेटी चिमटीत धरल्यासारखी. डायलवर १२ च्या वर एक बारीक भोक आणि आत छोटा चौकोनी दांडा दिसला तर ते ब्रोको सस्पेन्शन, म्हणजे पेंडुलम टांगायची एक व्यवस्था, छोट्या चावीने पुढूनच घड्याळ फास्ट स्लो करता येतं. आशिल ब्रोकोचं हे पेटंट १८४० चं. त्याआधी पेंडुलम रेशमी दोऱ्यावर टांगलेला असायचा. मूळचा रेशमी दोरा असलेलं मशीन म्हणूनच साधारण त्या आधीचं किंवा फार तर त्याच सुमाराचं धरतात, पण मागच्या प्लेटवर रेशमाच्या व्यवस्थेची रिकामी भोकं आणि वर नवं ब्रोको असंही दिसतं, म्हणजे नंतर कोणीतरी सुधारणा करून घेतलेली.

इंग्लिश मशीन वजनावरूनच कळतं, उचललं की हाताला जाणवतं. जाड चौकोनी प्लेटा, खरादलेले खांब, आणि स्प्रिंगचं असेल तर फ्युझी, म्हणजे शंकूसारखं खाचा पाडलेलं पितळी चाक आणि त्यावर गुंडाळलेली तात किंवा बारीक साखळी. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा जोर जास्त आणि उतरत आली की कमी, हा फरक फ्युझी सारखा करते. फ्युझी दिसली म्हणजे इंग्लिशच असं मात्र नाही, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या चांगल्या कुक्कू घड्याळांतही ती सापडते.

जर्मन सगळ्यात कठीण, कारण जर्मनांनी दोन्ही केलं. एकीकडे गुस्ताव बेकर, लेन्झकिर्श यांची भरीव चौकोनी प्लेटांची, बॅरलवाली देखणी मशीनं, आणि दुसरीकडे युंगहान्ससारख्यांनी अमेरिकन पद्धत उचलून बनवलेली भोकांच्या प्लेटांची, लँटर्न पिनियनची स्वस्त मशीनं. ही दुसरी जात अमेरिकन म्हणून सर्रास खपते. प्लेटवर सेंटीमीटरमधला आकडा असेल तर जर्मनकडे झुका. जपानमध्ये सेकोशा १८९२ ला सुरू झाली, तिथेही सुरुवातीची भिंतीवरची घड्याळं अमेरिकन वळणाचीच होती, तेव्हा नुसत्या भोकांच्या प्लेटा बघून अमेरिका म्हणू नका.

मागच्या प्लेटवर आकडे आहेत. हा सिरियल नंबर का? त्यावरून वर्ष निघेल?

कुठले आकडे यावर आहे. फ्रेंच मशीनवर साधारण दोन प्रकारचे आकडे असतात. एक मोठा, चार पाच अंकी, तो सिरियल नंबर, आणि दुसरे दोन सुटे छोटे आकडे जागा सोडून, जसं ४ ८. हे दोन आकडे म्हणजे पेंडुलमची लांबी, जुन्या फ्रेंच इंचात आणि लीन्यमध्ये. फ्रेंच इंच २७.०७ मिलीमीटरचा आणि त्याचे १२ लीन्य, म्हणजे ४ ८ चे झाले साधारण १२६ मिलीमीटर. याचा वर्षाशी काही संबंध नाही पण लोक ४८ वाचून १८४८ म्हणतात. सिरियल नंबर पेंडुलमच्या गोळ्यावर मागे ठोकलेला आहे का तेही बघा, दोन्ही जुळले तर पेंडुलम मूळचा, आणि ही खूप समाधानाची गोष्ट असते.

जर्मन मशीनवर बरेचदा पेंडुलमची लांबी सेंटीमीटरमध्ये आणि मिनिटाला पडणारे ठोके (टिकटिक, टोले नव्हे) असे दोन आकडे मिळतात. युंगहान्सवर ए किंवा बी आणि दोन अंक असतील, उदाहरणार्थ बी १२, तर ते १९१२ चं दुसरं अर्धवर्ष, ए म्हणजे पहिलं. हेर्मलेवर ३४१-०२० असा आडव्या रेघेचा नंबर असतो, तो मशीनचा मॉडेल नंबर आहे, पार्ट मागवताना लागतो. यूडब्ल्यूने सुरू होणारा नंबर उर्गोस या जर्मन कारखान्याचा. गुस्ताव बेकरच्या सिरियलवरून वर्षं काढायचे तक्ते आहेत पण ते मुख्य कारखान्याचे, ब्राउनाउच्या शाखेची मालिका वेगळी होती, तिथला नंबर त्या तक्त्यात बसवला तर घड्याळ खूप जुनं निघतं आणि मालक खूश होतो, पण ते खोटं असतं.

सेथ थॉमसचं वेगळंच, तिथे वर्ष पेटीवर, तळाला किंवा मागे शाईने उलटं छापलेलं असतं आणि शेवटी महिन्याचं अक्षर. ५८८१ ए म्हणजे १८८५ जानेवारी.

गोल शिक्का आहे, त्यात मेडलचं नाव आणि साल आहे. घड्याळ त्या सालातलं का?

नाही. प्रदर्शनात मिळालेलं मेडल कारखाने पुढे वर्षानुवर्षं शिक्क्यात मिरवायचे, म्हणजे ते साल घड्याळाचं सगळ्यात लवकरचं शक्य साल, त्यानंतर कधीही. शिक्क्यात जापी फ्रेर, एस. मार्ती, व्हिन्सेन्टी अशी नावं असतात आणि ती मशीन बनवणाऱ्यांची, पेटी किंवा अख्ख्या घड्याळाची नाहीत. मार्तीच्या शिक्क्यात १९०० चं गोल्ड मेडल असेल तर मशीन १९०० च्या आधीचं असूच शकत नाही. डायलवर त्याहून जुनं साल कोणी रंगवलेलं असलं तरी विश्वास शिक्क्यावर ठेवायचा.

टोल्यांवरून काही कळतं का?

कळतं, आणि तपासायलाही सोपं आहे. टोले मोजायच्या दोन पद्धती. काउंट व्हीलमध्ये एका चाकाच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा असतात, १ नंतर २, २ नंतर ३, ते चाक आपलं पुढे जात राहतं, काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रॅक पद्धतीत, जी एडवर्ड बार्लोने १६७६ च्या सुमारास काढली, तासाच्या काट्याबरोबर गोगलगाईच्या आकाराची एक चकती फिरते आणि किती टोले पडायचे ते ती ठरवते. आता पाच वाजून पाच टोले पडले की टोल्याची कळ हाताने हळूच उचला. परत पाचच पडले तर रॅक, सहा पडले तर काउंट व्हील.

पण काउंट व्हील म्हणजे जुनं असा नियम लावू नका. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ते सोडलं, अमेरिकन मात्र विसाव्या शतकातही वापरत होते. फ्रेंच मशीनवर काउंट व्हील मागच्या प्लेटच्या बाहेर दिसतं, तिथे काळ ठरवायला मदत होते एवढंच.

चावीची भोकं मोजा, एक असेल तर नुसती वेळ, दोन असतील तर सहसा वेळ आणि टोले, तीन असतील तर बहुधा पाव तासाची धूनही. टोल्यांच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नाहीत, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

पेंडुलम हरवलाय. किती लांबीचा लावायचा हे मशीनवरून काढता येतं का?

हो! आणि हे मला सगळ्यात आवडणारं काम आहे, कारण इथे अंदाज नाही, दात मोजायचे आणि गणित करायचं. मधलं चाक, ज्यावर मिनिटकाटा असतो, ते तासाला एक फेरी मारतं. त्याचे दात, पुढच्या चाकाचे दात आणि एस्केप व्हीलचे, म्हणजे दर दोन ठोक्यांना एक दात पुढे सरकणाऱ्या शेवटच्या चाकाचे, दात यांचा गुणाकार करा, त्याला २ ने गुणा, आणि मधल्या पिनियनांच्या दातांच्या गुणाकाराने भागा. तासाचे ठोके मिळाले. समजा मधलं चाक ६४, पुढचं ६०, एस्केप व्हील ३० आणि दोन्ही पिनियन ८ दातांची, तर ६४ गुणिले ६० गुणिले ३० गुणिले २ झाले २,३०,४००, त्याला ६४ ने भागलं की ३६००, म्हणजे मिनिटाला ६०, सेकंदाला एक. मध्ये एखादं जास्तीचं चाक असेल तर तेही गुणाकारात घ्या आणि त्याचं पिनियन भागाकारात.

सेकंदाला एक ठोका म्हणजे लांबी ९९.४ सेंटीमीटर. बाकी ठोक्यांसाठी ६० ला मिनिटाच्या ठोक्यांनी भागा, त्याचा वर्ग करा आणि ९९.४ ने गुणा. १२० ठोक्यांना २४.८ सेंटीमीटर येतं, ८० ला ५५.९. ही लांबी वरच्या लवचिक पट्टीपासून साधारण गोळ्याच्या मध्यापर्यंत, टोकापर्यंत मोजलं तर पेंडुलम थोडा लांबच भरतो. काढलेल्या लांबीचा पेंडुलम पेटीत मावतच नसेल, किंवा इतका छोटा निघाला की पेटीच्या काचेतून दिसणारच नाही, तर मशीन त्या पेटीचं नाही हे तिथल्या तिथे कळलं.

माझ्या व्हिएन्ना रेग्युलेटरचा (भिंतीवरचं पेंडुलमचं घड्याळ) सेकंदकाटा फास्ट पळतो. बिघडलंय का?

बहुतेक काही बिघडलेलं नाही. मोबाईलवर वेळ लावून बघा, काटा ४५ सेकंदात एक फेरी पूर्ण करतो का? करत असेल तर ते जर्मन कारखान्यातलं व्हिएन्ना पद्धतीचं घड्याळ असण्याची दाट शक्यता आहे. पेंडुलम छोटा असल्याने मिनिटाला ८० ठोके पडतात, एस्केप व्हील ३० दातांचं म्हणजे ६० ठोक्यांची एक फेरी, ती ४५ सेकंदात संपते. छोट्या डायलवर मात्र ६० पर्यंतचेच आकडे छापलेले, दिसायला बरं म्हणून. खरे सेकंद दाखवणारं असेल तर पेंडुलम जवळजवळ मीटरभर लांब हवा आणि पेटीही तेवढी उंच हवी.

मशीन आणि पेटी एकमेकांचीच आहेत का हे कसं ओळखायचं?

रिकामी भोकं शोधा. पेटीच्या मागच्या फळीत, मशीन ठेवायच्या पाटावर, गाँग लावलाय तिथे. एकाही स्क्रूला धरत नाहीत अशी भोकं असतील तर आधी तिथे दुसरं काहीतरी बसलेलं होतं. मग चावीचे चौकोन डायलच्या भोकांच्या बरोबर मध्यात येतात का, डायलचं मधलं भोक मोठं करून घेतलंय का, पेटीच्या काचेच्या गोलात डायल नीट बसते का की कडेला फट आहे. लाकडावर वर्षानुवर्षं मशीन टेकलेलं असतं तिथे वेगळी छटा पडते, ती छटा आणि आत्ताच्या मशीनचा आकार जुळायला हवा. फिलिप्स म्हणजे फुलीचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, त्याआधीच्या घड्याळात ते दिसले तर ती दुरुस्ती नंतरची.

पेटी बदललेली असली म्हणून घड्याळ टाकाऊ होत नाही, कित्येकदा वाळवी लागली म्हणूनच कोणीतरी नवी पेटी करून मशीन वाचवलेलं असतं. फक्त पुढे कोणाला देताना ते स्पष्ट सांगायचं.

प्लेटवर कोणीतरी खिळ्याने काहीतरी खरडलंय. पॉलिश करून काढू का?

कृपा करून काढू नका! ते दुरुस्ती करणाऱ्याने लिहिलेलं आहे, आपली आद्याक्षरं, तारीख, कधी कधी काय काम केलं तेही. डायलच्या मागे, पुढच्या प्लेटच्या कोपऱ्यात, बॅरलच्या झाकणावर अशा नोंदी सापडतात, एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या अक्षरांच्या. त्यातली सगळ्यात जुनी तारीख १८७१ असेल तर घड्याळ १८७१ ला होतं आणि बहुधा तेव्हा पहिल्यांदा साफ करायला आलं होतं, एवढा पक्का पुरावा नाव नसलेल्या घड्याळात दुसरा मिळत नाही. फ्रेंच स्प्रिंगवरही बनवणाऱ्याचं नाव आणि महिना साल कोरलेलं असतं, पण ते स्प्रिंग बाहेर काढल्यावरच दिसतं, आणि स्प्रिंग नंतर बदललेली असू शकते. तुमचा घड्याळजी मशीन उघडणारच असेल तर त्याला तेवढा एक फोटो काढायला सांगा.

नुसतं 'जर्मनी' लिहिलंय, बाकी काही नाही.

ब्रिटनचा मर्चंडाइज मार्क्स कायदा १८८७ चा, आणि अमेरिकेत मॅकिन्ली टॅरिफ या आयातकराच्या कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लागायला लागलं. म्हणून देशाचं नाव असेल तर साधारण त्यानंतरचं धरा. देशाचं नाव नाही म्हणून त्याआधीचं, असं उलटं मात्र चालत नाही, स्वतःच्या देशात विकलेल्या मालावर ते लिहायची गरजच नव्हती. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

काचेच्या घुमटातलं, गोल गोल फिरणाऱ्या पेंडुलमचं घड्याळ कसं ओळखायचं?

ते ४०० दिवसांचं घड्याळ, एका चावीत वर्ष काढणारं. कुंडो म्हणजे किनिंगर अँड ओबरगफेल, शात्झ आणि ज्युफ ही नावं जास्त दिसतात. शिक्का नसेल तर मागच्या प्लेटचा आकार आणि तिच्यावरच्या भोकांची मांडणी यावरून ओळखतात, त्यासाठी प्लेटचा सरळ समोरून फोटो लागतो. शात्झवर ४९ दिसलं तर ते १९४९ साल नाही, मॉडेल आहे, महिना आणि साल असेल तर वेगळं ठोकलेलं असतं. ओळख पटवणं इथे नुसतं हौसेचं नाही, गरजेचं आहे, कारण पेंडुलम ज्या बारीक पट्टीवर लटकतो तिची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि ती मॉडेलप्रमाणे बदलते, चुकीची लावली की घड्याळ तासातासाने पुढे मागे जातं. सहसा मिनिटाला ८ ठोके पडायला हवेत, ते मोजून बघा.

कॅरेज क्लॉकवर (प्रवासात नेता येणारं छोटं घड्याळ) नाव नाही, छोटं चित्र आहे.

चित्रच ओळख आहे. पोपट असेल तर आंरी जाको, मधमाश्यांचं पोळं आणि ए एम असेल तर मार्गेन, डी आणि सी च्या मध्ये कॅरेज क्लॉक असेल तर द्रोकूर. मागच्या प्लेटच्या कडेला भिंग लावून शोधा, फार लहान असतं.

डायलवर '३१ डे' लिहिलंय, पेटी तर खूप जुनी वाटते.

पेटी जुन्या वळणाची आहे, जुनी नाही. ही घड्याळं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियात, मुख्यतः कोरियात बनली.

ओळखायच्या आधी साफ केलं तर चालेल का?

धूळ ब्रशने झटका, तेवढंच. पितळ पॉलिशने प्लेटा घासल्या की पुसट शिक्के आणि खरडलेल्या नोंदी जातात, आणि गंज काढायचा स्प्रे मशीनवर मारला की जुनं तेल आणि घाण सगळीकडे पसरते.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. विसाव्या शतकातल्या, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या गजराच्या घड्याळांत काटे आणि आकडे अंधारात चमकणारे असतील, आता चमकत नसले तरी, तर त्यात रेडियम असू शकतं. ते खरवडायचं नाही, काच उघडायची नाही, मुलांच्या हातात द्यायचं नाही. तसंच काही घड्याळांच्या पेंडुलमवर काचेच्या नळ्यांमध्ये पारा असतो, ते आडवं करून नेऊ नका.

जाणकाराला फोटो पाठवायचे तर कुठले?

अख्खं घड्याळ समोरून. डायल जवळून. मागची प्लेट, कॅमेरा अगदी काटकोनात धरून आणि फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून. बाजूने एक, प्लेटांच्या मधलं दिसेल असा, म्हणजे पिनियन आणि बॅरल कळतात. पेंडुलम मागून पुढून. पेटीचा आतला भाग आणि रिकामी भोकं. किती दिवस चालतं आणि मिनिटाला किती ठोके पडतात ते सोबत लिहा. नुसता दिवाणखान्यातला लांबून काढलेला फोटो पाठवला तर कितीही जाणकार माणूस असला तरी तो पेटीवरूनच बोलणार.

सगळं करूनही नाव सापडलं नाही, मग घड्याळाखाली काय लिहायचं?

जे दिसलं तेच लिहायचं, आणि कशावरून ते पण. 'बहुधा जापी' असं लिहिलं की दोन हात बदलल्यावर 'बहुधा' गळून पडतं आणि नुसतं जापी उरतं, म्हणून पुरावा नसेल तर नाव घालायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. चिठ्ठी अशी असू दे: फ्रेंच गोल मशीन, शिक्का नाही, सिरियल नंबर अमुक, ८ दिवसांचं, ब्रोको सस्पेन्शन मूळचं म्हणून १८४० किंवा नंतरचं, काउंट व्हील मागच्या प्लेटबाहेर, पुढच्या प्लेटवर दुरुस्तीची खरडलेली तारीख १८७१ म्हणून त्याआधीचं, पेंडुलमवरचा नंबर जुळत नाही, पेटीत रिकामी भोकं नाहीत. ही चिठ्ठी पेटीच्या आत ठेवा, गोंदाने चिकटवू नका.